पत्त्यांना दोन्ही हात, पुस्तकाला एकही नाही

शुक्रवार, रात्री उशिरा

आजची संध्याकाळ पत्त्यांच्या जादूतल्या 'पास'वर गेली, म्हणजे कॅटचे वरचा-खालचा असे दोन गठ्ठे कुणाला न कळता अदलाबदल करायची हातचलाखी, आणि तीही पुस्तकात बघून. पत्त्यांचा कॅट डाव्या हातात, डाव्या हाताची करंगळी दोन गठ्ठ्यांमधल्या फटीत, वरून उजव्या हाताचं झाकण. उजवा अंगठा अलीकडच्या कडेला, मधलं बोट पलीकडच्या कडेला, आणि खालचा गठ्ठा त्या दोघांच्या चिमटीत. इथवर बोटं बसली की पुढचं वाक्य वाचायचं असतं आणि नेमके तेव्हाच हात सोडता येत नाहीत. सोडले की ती ठेवण गेली. मग पुन्हा कॅट उचला, पुन्हा फट, पुन्हा करंगळी. पुस्तक आपलं आपण उघडं राहणं ही नुसती सोय नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. तो सरावाचाच भाग आहे.

त्यातही गंमत अशी, की पुस्तक सर्वांत जास्त मिटू पाहतं ते सुरुवातीच्या पानांवर. डावीकडे जेमतेम पंधरा-वीस पानं, उजवीकडे अख्खं पुस्तक. आणि कॅट धरायचा कसा, पिसायचा कसा, फट राखायची कशी, हे सगळं तिथेच असतं. नवशिक्याला पुस्तकाची सर्वांत जास्त गरज असते तीच पानं टिकत नाहीत. यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे पातळ बाजूच्या पुठ्ठ्याखाली एक वही सरकवायची. दोन्ही बाजू एका पातळीत आल्या की पानांवरचा ताण बराचसा उतरतो, मग थोडं वजन पुरतं. पुढच्या प्रकरणांकडे जाऊ तशी वही पातळ करत न्यायची, निम्म्यावर आलो की काढून टाकायची.

वजन कसलं ठेवायचं यावर माझं मत आता पक्कं झालंय. रबरबँड नको, तो ओळींवरून जातो आणि जो शब्द हवा तोच झाकतो. पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी दिसते छान, पण दिव्याखाली चकाकते. मोठी काळी क्लिप चालते, फक्त कागदावर वळ उठू नये म्हणून मधे काहीतरी घालावं लागतं. मी कॅटमधला जास्तीचा जोकर घालते. सर्वांत आवडती मात्र वाळू भरलेली, बोटाएवढी जाड कापडी नळी. जुनी हस्तलिखितं वाचायला देणाऱ्या ग्रंथालयांत अशीच कापडात गुंफलेली वजनं वापरतात. ती समासावर पडते, पानाच्या वळणाप्रमाणे वळते आणि कागदाला इजा करत नाही.

बांधणीचा विचार तर पुस्तक घेतानाच करावा. नुसत्या सरसाने चिकटवलेलं पुस्तक सपाट व्हायला तयार नसतं, जोर लावला तर पाठ तडकते आणि पानं सुटतात. धाग्याने शिवलेलं पुस्तक बहुधा शांतपणे पसरतं. स्पायरलचं तर पडूनच राहतं, कपाटात कसंही दिसो. शिकागोत 1902 साली एस. डब्ल्यू. एर्डनेस या नावाने निघालेलं 'द एक्सपर्ट ॲट द कार्ड टेबल' हे पत्त्यांच्या हातचलाखीचं पुस्तक आज कितीतरी आकारांत मिळतं, कारण ते कुणालाही छापता येतं. मजकूर तोच, शंभरावर रेखाचित्रंही तीच. मग आवृत्ती निवडायची ती बांधणी आणि आकार बघून. खिशात मावणारी प्रत प्रवासात वाचायला ठीक, सरावाला अगदीच निरुपयोगी. आणि नवं पुस्तक आणलं की आधी पाठीवर उभं धरून पुढचा पुठ्ठा टेबलावर टेकवावा, मग मागचा, मग थोडी पानं पुढून, थोडी मागून, असं हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत यावं. पाच मिनिटं लागतात आणि पुस्तक पुढे वर्षानुवर्षं ऐकतं.

सपाट उघडलं म्हणजे काम झालं असं नाही, कोनही हवा. टेबलावर आडवं पुस्तक असलं की मान खाली जाते, खांदे पुढे येतात आणि तीच ढब हातांना लागते. प्रेक्षकांसमोर मान वर करून बोलायचं असतं, तेव्हा सराव मान घालून का करावा? पुस्तक टेकवायची घडीची लाकडी ठवणी पत्त्यांच्या मॅटच्या पलीकडे ठेवली की फक्त नजर उचलावी लागते. आगोस्तीनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने 1588 सालच्या आपल्या ग्रंथात अनेक पुस्तकं उघडी ठेवणारं मोठं चक्र दाखवलंय. चक्र फिरलं तरी प्रत्येक फळीचा कोन तसाच राहावा म्हणून त्यात दंतचक्रांची योजना आहे. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने एवढ्या एका कोनासाठी इतका विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ठवणी अगदी समोर हवी, बाजूला नको, याला आणखी एक कारण आहे. काही आकृत्या जादूगाराच्या नजरेतून काढलेल्या असतात, काही प्रेक्षकांच्या. पुस्तक तिरकं असलं की डोक्यात डावं-उजवं उलटं व्हायला वेळ लागत नाही. आरसा मी ठवणीच्या शेजारी ठेवते. वाक्य, बोटं, आरसा, अशी नजर फिरते आणि हात जागचे हलत नाहीत.

व्हिडिओ बघून लवकर येतं हे खरं. पण व्हिडिओत बोट कुठे आहे ते दिसतं, किती दाबलंय ते दिसत नाही. पुस्तक सांगतं की अनामिका नुसती टेकलेली असू दे, भार करंगळीवर. हा फरक मला छापील ओळीतूनच कळला.

राहता राहिला प्रश्न पान उलटण्याचा. वर्णन एका पानावर आणि आकृती मागच्या बाजूला असली की वही, वजन, ठवणी सगळं असूनही अडतं. आजच्या पासचं तसंच आहे. उद्या सरावाला बसण्याआधी त्या दोन आकृत्या पेन्सिलने चिठ्ठीवर काढून वरच्या समासात चिकटवीन. अंगठ्याची जागा आणि मधल्या बोटाचं वळण एवढं नीट उतरलं तरी पुरे, बाकीचा हात अंदाजाने काढला तरी चालेल.