तिनं चुकलेलं तसंच लिहिलं

मी एसटीत कंडक्टर आहे, चौदा वर्षं झाली. रोज इतकी माणसं चढतात उतरतात की घरी गेल्यावर एकाचा चेहरा आठवत नाही. पण मार्चमधला तो एक दिवस काही केल्या मनातून जात नाही, आणि त्यात माझी लेक आहे म्हणून तर जास्तच, तेव्हा आज लिहूनच टाकते.

लेक अकरावीला. जानेवारीत तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी वर्गात विचारलं की बारावीला बसणारी एक मुलगी आहे, तिला दिसत नाही, तिचे पेपर लिहायला लेखनिक पाहिजे, कोण तयार आहे? नियम असा की लेखनिक एक इयत्ता खालचाच लागतो, बारावीला अकरावीचा, दहावीला नववीचा, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं पेपरात उतरायला नको. हिनं हात वर केला आणि घरी येऊन मला फक्त सांगितलं, विचारलं नाही. मी जरा कुरकुर केली, खरं सांगते. हिची स्वतःची परीक्षा जवळ आलेली, आमचं गाव वाईच्या पलीकडं धोम धरणाच्या अंगाला आणि सेंटर पार साताऱ्याला, रोजची दगदग कशाला असं वाटलं मला. ती म्हणाली आई, फॉर्म गेला पण माझा फोटो लावून. विषय संपला.

तेव्हापासून घरात एक नवीनच सुरू झालं. रोज रात्री जेवण झालं की ही आतल्या खोलीत दार लावून बारावीचं इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची आणि त्या मुलीला पाठवून द्यायची. ब्रेल येतं तिला, पण प्रत्येक पुस्तक हाताशी असतंच असं नाही आणि ऐकून तिचं जास्त लवकर पाठ होतं म्हणे. मी दिवसभर उभी राहून आलेली असायची, पडल्या पडल्या ऐकायची, प्रबोधन, वसाहतवाद, समाजसुधारणा, आणि झोप लागून जायची.

त्या दिवशी इतिहासाचाच पेपर होता, आणि नेमकी माझीच गाडी, सकाळची वाई सातारा. लेक वाईत चढली. गाव ते कॉलेज असा तिचा मुलींचा फुकट पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला, पण तो साताऱ्याला चालत नाही, म्हणून मी तिचं बायकांचं अर्धं तिकीट काढलं आणि पैसे घेतले. पाचवडला ती मुलगी उभी होती, पांढरी काठी, पाठीला सॅक, शेजारी तिचे वडील.

आता बघा, चौदा वर्षांत मी कितीतरी अंध प्रवासी चढवलेत. दारात जायचं, मनगट धरायचं आणि वर ओढायचं, मला वाटायचं हीच मदत. त्या दिवशीही मी सवयीनं हात पुढं केला तर मागनं लेकीचा आवाज, आई थांब. ती खाली उतरली, काही न बोलता आपला कोपर त्या मुलीच्या हाताच्या मागच्या बाजूला हलकेच टेकवला, मुलीनं कोपराच्या वर धरलं आणि ही अर्धं पाऊल पुढं राहून बोलत बोलत चढली. "पायरी उंच आहे ताई, दांडा डाव्या हाताला, अजून दोन." बास, दोघी वर. ना ओढाओढ ना धडपड. पुढं बसायला जागा करून देणाऱ्या एका आजोबांनी त्या मुलीच्या खांद्याला धरून तिला सीटवर बसवायला घेतलं, तर लेक त्यांना नीट आदरानं म्हणाली, आजोबा, सीटच्या पाठीवर तिचा हात ठेवला ना की ती स्वतः बसते. आणि बसली ती. तिचं ७५ टक्के सवलतीचं तिकीट काढताना माझं सगळं लक्ष मशीनपेक्षा या दोघींकडंच होतं. हे हिला कुणी शिकवलं असेल? नंतर कळलं, त्या मुलीनंच, पहिल्या भेटीत. हिनंपण रस्ता ओलांडताना तिचा दंड पकडला होता तेव्हा ती म्हणाली होती, तू मला धरू नकोस, मी तुला धरते.

आनेवाडीच्या अलीकडं हायवेवर ट्रक आडवा झालेला. गाडी जी थांबली ती थांबलीच. पेपर ११ चा, सेंटरवर साडेदहाला हजर व्हायचं. माझा जीव खालीवर, मी दारातून उतरून बघतेय, परत चढतेय. गाडीत आयटीआयची चार पाच पोरं होती, त्यांना कुणी सांगितलं नाही, ती आपली आपण उतरली, पुढं चालत गेली, कडेच्या दोन कारवाल्यांना विनंती करून गाड्या पुढं घ्यायला लावल्या आणि आमच्या ड्रायव्हरदादांना सेवा रस्त्यावर उतरायला वाट करून दिली. एरवी याच पोरांना मी दारात लोंबकळता म्हणून रोज ओरडते.

त्या थांबलेल्या वेळात ती मुलगी शांत बसून कानात घालून ऐकत होती. मला म्हणाली, काकू ऐकायचंय? एक इअरफोन मला दिला. आधी काहीच कळेना, इतकं भरभर, तिनं स्पीड डबल ठेवलेला. मग ध्यानात आलं की हा तर माझ्या लेकीचा आवाज. तिनं स्पीड कमी केला. लेक वाचत होती आणि मागं आमच्या कुकरची शिट्टी, आणि मग माझा आवाज, "अगं झोपायचं नाही का, लाईट बंद कर!" ती मुलगी हसली, म्हणाली, तुमचा आवाज मला पाठ आहे काकू, समाजसुधारणेच्या धड्यात तुम्ही दोनदा ओरडता. माझ्या घशात आवंढाच आला. आपण कुठल्या परक्या घरात रोज रात्री बोलतोय हे मला माहीतच नव्हतं.

दहा पंचवीसला साताऱ्यात पोचलो, स्टँडवरनं दोघी रिक्षानं गेल्या.

तीन तासांचा पेपर, अशा मुलांना तासाला २० मिनिटं जास्त, म्हणजे एक तास वाढीव मिळतो. मधे माझी एक फेरी झाली आणि चारच्या सुमाराला वाईच्या गाडीला दोघी परत माझ्याच दारात. गाडी तशी रिकामी, तिकिटं झाल्यावर मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. कसा गेला विचारलं. चांगला गेला म्हणाल्या. मग ती मुलगी सहज म्हणाली, एक चुकलं काकू, प्रार्थना समाजाला मी १८७५ सांगितलं, बाहेर आल्यावर आठवलं की ते आर्य समाजाचं, प्रार्थना समाज १८६७. मी लेकीकडं बघितलं. हिनंच तो धडा वाचून रेकॉर्ड केलेला, हिला साल माहीत असणारच. म्हटलं, तुला कळलं होतं का लिहिताना? ती खिडकीकडं बघत म्हणाली, हो.

आणि मी बोलून गेले, अगं मग हळूच सांगायचं ना, एवढ्याशा सालाचं काय!

दोघी गप्प. गाडीचा खडखडाट तेवढा. मग ती मुलगी म्हणाली, "काकू, मग तो पेपर माझा कसा?"

मला काही बोलताच आलं नाही. लेक नंतर हळूच म्हणाली, आई, हात थांबला होता माझा. वेगळी खोली असते, आम्ही दोघी आणि एक सुपरवायझर, ते दाराशी होते, कुणाला कळलंपण नसतं. ताईनं विचारलं, लिहिलंस का? मी १८७५ लिहिलं आणि लिहिलं म्हणाले.

आमच्याकडं ड्युटी सुरू होताना जवळची खासगी रक्कम नोंदवावी लागते. पैसे कमी निघाले तर भरायचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण जास्त निघाले तरी उत्तर द्यावं लागतं, हे पैसे आले कुठनं? नवीन होते तेव्हा मला त्याचा राग यायचा, जास्त आहेत तर कुणाचं काय बिघडलं असं वाटायचं. आपलं नसलेलं जास्तीचंही हिशोबात चूकच, हे मला इतक्या वर्षांनी समजलंय आणि माझ्या सतरा वर्षांच्या पोरीला त्या खोलीत एका क्षणात समजलं. तिला पुढं किती टक्के पडतील, ती काय होईल मला माहीत नाही, पण माझी लेक म्हणून मला तिचा जो अभिमान वाटला ना त्या एका चुकीच्या सालासाठी, तो मी कुणाला कसा सांगू? शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, मदतीला गेली आणि मदत केलीच नाही की मग. मी जास्त वाद घातला नाही.

पाचवडला गाडी थांबली. या वेळी मी हात पुढं केला नाही, दारात बाजूला उभी राहिले. लेकीनं कोपर दिला, मुलीनं धरला, "दोन पायऱ्या ताई, मग डांबर, जरा खड्डा आहे उजवीकडं." खाली तिचे वडील होते. उतरल्यावर ती वळली, मी जिथं उभी होते बरोबर त्या दिशेला तोंड करून म्हणाली, येते काकू, परवा राज्यशास्त्र आहे, आज लेकीला लवकर झोपायला सांगू नका.

लेक परत वर आली. ते दोघं रस्त्याच्या कडेला नीट पोचेपर्यंत मी डबल बेल दिली नाही, आणि ड्रायव्हरदादांनीही आरशात बघत गाडी तशीच उभी ठेवली.