90 दिवसांचं चाचणी विंडोज काढताना: कामाची नोंद

12 दिवस शिल्लक

लॅपटॉप 12 व्या पिढीच्या आय-5 चा, 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, त्यात सी आणि डी असे दोन भाग. सध्या विंडोज 11 एंटरप्राइझ इव्हॅल्युएशन, म्हणजे 90 दिवसांची चाचणी आवृत्ती. जायचंय विंडोज 11 होमवर, लॅपटॉपसोबत आलेल्या मूळ परवान्यावर.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून परवान्याचा तपशील दाखवणारी ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ ही आज्ञा चालवली. वर्णनात ‘टाइमबेस्ड_इव्हॅल’, मुदतीपुढे 17280 मिनिटं. भागिले 1440, म्हणजे 12 दिवस.

इथे बहुतेक जण फसतात ते ‘नवी परवाना-की टाकली की झालं’ या समजुतीने. इव्हॅल्युएशन ही वेगळीच आवृत्ती आहे. होम किंवा प्रोची विकतची की तिला चालत नाही. चालू विंडोजमधून सेटअप चालवला तरी ॲप तशीच ठेवून आवृत्ती बदलण्याचा रस्ता मिळत नाही. सर्व्हरच्या 180 दिवसांच्या चाचणी आवृत्तीला डिझम या विंडोजच्याच साधनाने जागच्या जागी बदलता येतं, डेस्कटॉपला ती सोय नाही. एसएलएमजीआरच्या ‘/रीआर्म’ने दिवस वाढतात, आवृत्ती तीच राहते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) आवृत्तीचं नाव बदलून सेटअपला चकवायचा उपाय सांगितला जातो, पण पुढे अपडेट अडले तर कारण शोधताना जीव जातो. नको ते. म्हणून सी पुसून नव्याने बसवायचं.

मुदत संपली की पडदा काळा होतो आणि यंत्र दर तासाला बंद पडतं. मोठी कॉपी चालू असताना हे झालं तर अर्धी प्रत हातात. म्हणून डेटा आधी, मुदतीच्या आत.

10 दिवस शिल्लक

बाह्य डिस्कवर रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या आज्ञेने प्रत घेतली: ‘/ई /एक्सजे /आर:1 /डब्ल्यू:1’. शेवटचे दोन विसरू नका. मूळ मांडणीत रोबोकॉपी अडलेल्या फाइलीसाठी 10 लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी 30 सेकंद थांबून. एक लॉक झालेली फाइल रात्रभर पुरते. ‘/एक्सजे’ नसेल तर ॲपडेटामधल्या जोडदुव्यांत ती गोल गोल फिरते. वनड्राइव्हच्या ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह दिसतं त्या डिस्कवर नसतातच, त्या आधी उतरवून घेतल्या.

डी ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद ठेवणं) होतं. होममध्ये अशी ड्राइव्ह उघडता येते, पण ती आपोआप उघडण्याची नोंद सीबरोबर पुसली जाते. मग 48 आकडी रिकव्हरी की हाच आधार. ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट डी:’ ने ती काढून कागदावर उतरवली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मग एन्क्रिप्शन पूर्ण काढलं.

ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणाऱ्या फाइली, ‘पीएनपीयुटिल /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर *’ ने पेनड्राइव्हवर. पुढे याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

8 दिवस शिल्लक

विंडोज बसवण्यासाठी 16 जीबीचा दुसरा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार केलेला. आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल प्रतिमा) हाताने फॅट32 मांडणीच्या पेनड्राइव्हवर टाकू नये, त्यातली इन्स्टॉल.विम ही मुख्य फाइल 4 जीबीच्या वर असली तर तिथे बसतच नाही.

बूट मेनूत एकाच पेनड्राइव्हच्या दोन नोंदी दिसू शकतात. ‘यूईएफआय’ लिहिलेली निवडा. सेटअपमध्ये ड्राइव्हची यादी रिकामी आली. घाबरायचं कारण नाही, एसएसडी शाबूत असते. इंटेलच्या 11 व्या पिढीपासून बऱ्याच यंत्रांत व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे असेलच असं नाही. ‘लोड ड्रायव्हर’मधून साठवलेलं फोल्डर दाखवलं, यादी भरली.

आता हात आवरून. डिस्कचे भाग आकार बघून ओळखा: 100 एमबीचा ईएफआय (बूटचा), 16 एमबीचा एमएसआर (विंडोजने राखीव ठेवलेला), सी, आणि काहीशे एमबीचा रिकव्हरी. एवढेच पुसले. डीला हात नाही. इथे क्रमांकावर भरवसा ठेवू नये, आकारावर ठेवावा. बाह्य डिस्क या वेळी काढून बाजूला.

आवृत्ती विचारलीच नाही. बायोसमधली, म्हणजे मदरबोर्डवर साठवलेली मूळ की वाचून सेटअपने होम घेतलं. प्रोची की घेतली असेल तरी हेच होतं. तेव्हा होम बसू द्या, मग सेटिंग्जमध्ये की बदला. होमवरून प्रोवर तसं जाता येतं.

वायफाय दिसत नव्हतं आणि होमचा सेटअप इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, काम झालं. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरल्यावर नवं विंडोज स्वतःहून एन्क्रिप्शन सुरू करू शकतं. नवी रिकव्हरी की खात्यात पोहोचली आहे ना, ते तेव्हाच बघा.

त्याच रात्री

मुदत दाखवणाऱ्या ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’चं उत्तर: कायमस्वरूपी सक्रिय.

राहिलं मराठी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली जुनी पत्रं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं. फॉन्ट फक्त विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये नसतात; एका वापरकर्त्यापुरते बसवलेले ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर असतात. प्रतीत ते होते, परत बसवले. कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कळमांडणी) जोडला. चाचणीला ‘दऱ्या’ हा शब्द घ्यावा: द नंतर ऱ साठी शिफ्ट धरून जे, मग हलंतासाठी डी, य साठी तिरकी रेघ, शेवटी काना. ऱ्य नीट जुळलं.