शनिवारी रात्री आठच्या आत: म्युनिकमधल्या विद्यार्थ्याचा वीकएंड

म्युनिकला नव्याने शिकायला आलेल्यांचे पहिले एक-दोन रविवार बहुधा ब्रेड आणि केळ्यांवर निघतात. बव्हेरिया या म्युनिकच्या राज्यात दुकानं सोमवार ते शनिवार रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. कोपऱ्यावरचा वाणी, रात्री अकरापर्यंत चालू असलेली डेअरी, हे डोक्यातून काढून टाका. मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं रविवारी चालू असतात, पण तिथली रांग पाहून भूक मरते.

सुट्ट्यांचंही तेच. मे-जूनमध्ये क्रिस्टी हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम या दोन सुट्ट्या नेहमी गुरुवारी येतात, फिंग्स्टमोंटाग सोमवारी. सोमवारची सुट्टी म्हणजे सलग दोन दिवस दुकानं बंद, म्हणून शनिवारची खरेदी दुप्पट. १५ ऑगस्टला म्युनिकमध्ये मारिया हिमेलफार्टची सुट्टी असते, तेव्हा स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाचं सामान १४ तारखेला आणून ठेवा. हे सगळे दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवले की काम झालं.

आता फिरण्याचं. विद्यार्थ्याचा सगळा वीकएंड डॉइचलांडटिकेट या देशभर चालणाऱ्या मासिक तिकिटावर चालतो. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. बव्हेरियात विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं तिकीटही असतं, तेव्हा पूर्ण किमतीचं काढण्याआधी आपल्या विद्यापीठात विचारा. देशभरातल्या आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे लोकल, ट्राम, मेट्रो आणि शहर बस यांना हे तिकीट चालतं. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. आपली गाडी उशिरा आहे म्हणून याच तिकिटावर आयसीईत चढायचं धाडस करू नका.

तिकिटात अडकायच्या तीन जागा आहेत. एक, ही वर्गणी आहे. बंद करायची असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. सुट्टीत भारतात जाणारे हे हमखास विसरतात आणि पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. दोन, तिकीट नावावर असतं, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं आणि रूममेटला उसनं देता येत नाही. तीन, ते फोनमध्ये असतं. बॅटरी संपली की तपासनिसाच्या लेखी तुम्ही विनातिकीट आणि दंड ६० युरो. तिकीट तुमच्या नावाचं होतं हे नंतर दाखवलं तर तो ७ युरोवर येतो, पण त्यासाठी फेरी मारावी लागते. पॉवर बँक घ्या, स्वस्त पडते.

स्टेशनवर पहिल्यांदा सगळ्यांचीच धांदल होते. म्युनिक हाउप्टबानहोफचे, म्हणजे मुख्य स्टेशनचे, फलाट तीन भागांत आहेत: मधल्या मोठ्या दालनात ११ ते २६, एका बाजूला मागे ५ ते १०, दुसऱ्या बाजूला २७ ते ३६. एका टोकाच्या फलाटावरून दुसऱ्या टोकाला जायला झपझप चाललं तरी सात-आठ मिनिटं लागतात. प्रादेशिक गाड्या बऱ्याचदा या कडेच्या फलाटांवरून सुटतात. बोर्डावर फलाट दिसला म्हणजे पोचलोच असं समजू नका.

त्याहून मोठी गोची डब्यांची. दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी जाणारी ओबरलांडची गाडी म्युनिकहून एकच निघते आणि वाटेत तिचे तुकडे होतात. होल्त्सकिर्शेनला एक भाग सुटून श्लिअरझेमार्गे बायरिशत्सेलला जातो. उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा तुटते, एक भाग लेंगग्रीसला आणि एक टेगर्नझेला. कल्याणला एकच लोकल उभी आहे आणि तिचे पुढचे डबे कसाऱ्याला, मागचे कर्जतला जाणार आहेत, असं समजा. टेगर्नझेच्या तळ्यावर जायला निघालेला माणूस डबा न बघता बसला की तासाभराने भलत्याच तळ्याकाठी उतरतो. फलाटावरच्या पट्टीवर कोणता भाग कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, दारावर आणि डब्यातल्या पडद्यावरही. चढताना एकदा आणि बसल्यावर एकदा वाचा. दोन डबे सोडून चालत जाऊ, म्हणाल तर ते जमतंच असं नाही, कारण जोडलेल्या दोन गाड्यांमधून आतून वाट नसते.

गावातल्या बसचं वेळापत्रक तर चिन्हांसकट वाचायला हवं. वेळेशेजारी बारीक एस किंवा तळटीप असली की ती बस बऱ्याचदा फक्त शाळेच्या दिवशी धावते. खाली उतरायचं कसं हे ठरवल्याशिवाय डोंगर चढू नका. पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी चालण्याची वेळ लिहिलेली असते, आणि ती सवयीने डोंगर चढणाऱ्या माणसाची. आपण त्यात निम्मी भर घालावी. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून चढ सकाळीच उरका.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला सगळ्यांनाच बघायचा असतो. राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये बांधकाम सुरू केलं, १८८६ मध्ये तो गेला तेव्हा ते अर्धवटच होतं, आणि त्याच वर्षी किल्ला लोकांना खुला झाला. २०२५ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे, म्हणजे गर्दी कमी होण्याची आशा नको. तिकिटावर आत जायची नेमकी वेळ छापलेली असते. ती चुकली की तिकीट गेलं, हुज्जत घालून उपयोग नाही. म्हणून हिशोब उलटा करा. म्युनिक ते फ्युसेन साधारण दोन तास, तिथून ७३ किंवा ७८ नंबरच्या बसने होहेनश्वांगाव हे पायथ्याचं गाव दहा मिनिटं, शिवाय बसची वाट बघणं, आणि पायथ्यापासून किल्ल्यापर्यंत चढ ४० मिनिटं. वाटेत बदलायची एखादी गाडी चुकली तर पुढची तासाभराने. गाडी सुटण्याच्या वेळेत चार तास मिळवा आणि तीच वेळ ऑनलाइन निवडा. आठला निघालात तर बाराच्या आधीची नको. आत जेमतेम अर्ध्या तासाचा फेरफटका आणि फोटोला मनाई. कॅलेंडरवर दिसतो तो किल्ला मारियनब्र्युके या पुलावरून दिसतो आणि पूल फुकट आहे. बर्फ पडला की मात्र पूल बंद ठेवतात. आमचं मत विचाराल तर आत नाही गेलात तरी फारसं बिघडत नाही.

साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे, तरी डॉइचलांडटिकेट तिथल्या हाउप्टबानहोफपर्यंत चालतं. तिथल्या शहर बसला चालत नाही. तिकीट चालतं म्हणून सीमा नाही, असं मात्र नाही. सप्टेंबर २०१५ पासून परतीच्या वाटेवर जर्मन पोलीस तपासणी करतात, बऱ्याचदा सीमेजवळच्या फ्राइलासिंगला गाडी थांबवून. मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवं, फोनमधला फोटो चालत नाही. व्हिसा संपला आहे, कार्ड अजून आलेलं नाही आणि हातात फक्त तात्पुरता कागद आहे, अशा काळात सीमेपलीकडे जाऊ नका. रेगेन्सबुर्ग गाडीने दीड तासावर आहे, तिथे डोनाउ (डॅन्यूब) नदीवर बाराव्या शतकातला दगडी पूल आहे. तोवर तो बघून घ्या.

डबा घरून न्यावा. स्टेशनवरचं सँडविच महाग असतं आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुतेक चीजच येतं. यावर आपल्याकडचा जुना उपाय दशमी, पण पिठाचं गणित समजून घ्या. जर्मन पाकिटावर टाइप ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम खनिजं उरतात, तो हा आकडा. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याची पोळी गार झाली की रबर होते. फोलकोर्न म्हणजे संपूर्ण गव्हाचं, पण त्यातला जाडा कोंडा कणीक कापत जातो आणि लाटताना कडा फाटतात. गव्हाचं, म्हणजे वाइत्सेन लिहिलेलं, १०५० घ्या.

दोन वाट्या पिठाला पाव चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि कोमट दूध. दूध पाऊण वाटीपासून सुरू करून लागेल तसं घाला, पाण्याचा थेंबही नको. कणीक पोळीपेक्षा घट्ट मळून वीस मिनिटं झाकून ठेवा. होस्टेलची शेगडी विजेची, आच लगेच कमी होत नाही, म्हणून तवा नऊपैकी सहावर तापवून पहिली दशमी टाकताना पाचावर आणा. पोळीपेक्षा किंचित जाड लाटा, दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर वाफेचं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. नीट भाजलेली दशमी थंडीच्या दिवसांत दोन दिवस मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची चटणी. लोणच्याचं तेल बॅगेत सांडलं की उन्हाळ्यातली पूर्ण रेल्वे तुमच्याकडे बघते.

वाटेतल्या बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या एकवेळच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट फांड, म्हणजे बाटली परत केली की मिळणारी अनामत, असतं, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८. चेपलेली किंवा लेबल फाटलेली बाटली दुकानातलं मशीन घेत नाही. जी चिठ्ठी मिळते ती त्याच दुकानात वटवायची असते. अर्थात रविवारी नाही.

परतीला डोंगरातून शेवटच्या गाडीवर विसंबू नका, आधीची धरा. रविवारी संध्याकाळी सगळं म्युनिक सायकली आणि स्कीसकट परत येत असतं. तासाभराहून जास्त उशीर झाला तर डॉइचलांडटिकेटवर दीड युरो भरपाई मिळते, पण चार युरोंच्या खाली रक्कम देत नाहीत, म्हणून तीन उशीर साठवून एकदम अर्ज करा. तेवढे लवकर साठतात.

घरी पोचेपर्यंत दहा वाजतात. रविवार शांततेचा दिवस, रात्री दहानंतर तर मिक्सर लावला की भिंतीवर थाप येते. वाटण शनिवारीच करून ठेवलेलं असावं. सुपरमार्केटातली रोटे लिन्सेन म्हणजे आपली मसूर डाळ, ती भिजवावी लागत नाही आणि पंधरा मिनिटांत शिजते. तेवढ्यात भात होतो.