काकीचा फणस आणि मेसेजवरचा धंदा

सकाळी सहा चाळीसला मेसेज आला. "परसातला फणस पडलाय का बघ ना जाऊन, पिकला असेल तर वास सुटेल." पाठवणारी काकी डोंबिवलीत, फणस देवगडच्या जवळ एका बंद घराच्या मागे, आणि बघायला जाणारा मी. चार किलोमीटर गाडी काढून गेलो, फणस झाडावरच होता, फोटो काढून पाठवला. त्यावर काकीचा अंगठा आला आणि पाठोपाठ दुसरा मेसेज, "आता आलाच आहेस तर विहिरीत पाणी किती आहे तेही बघ."

तर हा माझा जोडधंदा. मूळ दुकान देवगडला लागूनच जामसंड्यात आहे, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणं, पण 2023 च्या गणपतीत आमच्याच वाडीतले मुंबईकर एकेक करून सांगून गेले की अरे आम्ही गेल्यावर जरा घराकडे लक्ष ठेव, काय लागलं तर तुला मेसेज करू. मीही हौसेने व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकलं, "गावातलं कुठलंही काम असो, मेसेज टाका." त्यातला 'कुठलंही' हा एक शब्द मला किती महागात पडला ते खाली येईलच.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याला हे कळल्यावर तो पेटलाच. मामा, हे म्हणजे कॉन्सिअर्ज सर्व्हिस, लोकांची सटरफटर कामं त्यांच्या वतीने करून देणं, ह्याचं स्टार्टअप होऊ शकतं, अख्खं कोकण कव्हर करू, रत्नागिरी सिंधुदुर्ग रायगड, प्रत्येक तालुक्यात एक माणूस ठेवायचा आणि नंबर एकच. मी म्हटलं बघूया. (आमच्याकडे 'बघूया' म्हणजे नाही, पण हा पुण्यात वाढलाय, त्याला ते कळलं नाही.) मग त्याने एवढ्या लिंका पाठवल्या की पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसताना मी बसून सगळं वाचून काढलं, आणि वाचल्यावर आधी होता तेवढाही उत्साह राहिला नाही.

ह्यातली गाजलेली गोष्ट म्हणजे अमेरिकेतली मॅजिक. 2015 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ती पोरं आधी ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅप बनवत होती, ते सोडून त्यांनी एक साधा फोन नंबर दिला आणि सांगितलं, कायदेशीर असेल ते काहीही एसएमएस करून मागा, आम्ही करून देतो. अ‍ॅप नाही की लॉगिन नाही. बातमी अशी पसरली की लोकांना वेटिंग लिस्टवर उभं करावं लागलं, आणि सिक्वोया वगैरे बड्या गुंतवणूकदारांनी 1 कोटी 20 लाख डॉलर घातले. वर्षभरात काय झालं? 2016 च्या सुरुवातीला त्यांनी मॅजिक प्लस काढलं, दर तासाला 100 डॉलर. आता ती कंपनी धंदेवाल्यांना तासाच्या हिशोबाने घरबसले असिस्टंट पुरवते, म्हणजे शेवटी माणसाचा वेळच विकते आणि तोही सरळ वेळ म्हणून.

त्याच 2015 मध्ये गोबटलर नावाची अशीच एक निघाली होती, बर्लिन आणि न्यूयॉर्कवाल्यांची, तिने वर्षभरातच माणसं बाजूला करून आपोआप विमान तिकीट शोधून देण्याकडे मोर्चा वळवला. फेसबुकनेही मेसेंजरमध्ये 'एम' आणलं होतं, अर्धं मशीन अर्धी माणसं, कॅलिफोर्नियातल्या थोड्याशाच लोकांना दिलं आणि 2018 च्या जानेवारीत बंद केलं. फेसबुककडे पैसा कमी होता असं तर कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडचं डंझो तर सगळ्यांना माहितीये. बंगळुरात व्हॉट्सअ‍ॅपवरच सुरू झालं, मेसेज टाका आणि काहीही सांगा, अगदी माझ्यासारखंच! पुढे अ‍ॅप झालं, 2017 च्या शेवटी गूगलने पैसे घातले, 2022 मध्ये रिलायन्स रिटेलने 20 कोटी डॉलर, पण तोवर 'काहीही' मागे पडून किराणा पोचवायच्या शर्यतीत ते उतरलं होतं आणि 2025 च्या जानेवारीत अ‍ॅप बंद पडलं. मुंबईचं हॅप्टिक वाचलं, पण ते चॅटवर लोकांची कामं करण्याचं सोडून कंपन्यांना बॉट, म्हणजे गिऱ्हाइकाला आपोआप उत्तर देणारं मशीन, बनवून द्यायला लागलं म्हणून, आणि 2019 मध्ये जिओने घेतलं.

आता ह्या सगळ्यांना कोणी मूर्ख म्हणणार नाही, शिकलेली हुशार माणसं. पण मी अडीच वर्षं हेच काम 11 घरांसाठी केलंय आणि ते कुठे अडकले असतील ते मला दुकानात बसून दिसतं.

मेसेज टाकायला काहीच पडत नाही ना, तिथेच सुरुवात होते. फोन करायचा तर माणूस जरा विचार करतो, आता जेवत असेल, झोपला असेल, एवढ्याशासाठी कशाला. मेसेजला तसलं काही नाही, मनात आलं की टाकला. आणि टाकणाऱ्याला ते काम वाटतच नाही. गॅस सिलिंडरचं एक उदाहरण सांगतो. गणपतीला येणारेत, सिलिंडर भरून ठेव, एवढाच मेसेज. मग पुस्तक कुठेय, पुस्तक फळीवर, फळीवर नाही, मग कपाटात, कपाटाची चावी शेजारच्या आजीकडे, आजी लेकीकडे कणकवलीला गेलेली. मी नंतर मोजले, चौदा मेसेज, सहा फोन, दोन फेऱ्या. तेव्हा मी कामाला 50 रुपये घेत होतो. पेट्रोलही सुटलं नाही. आणि ते 50 सांगितल्यावर पलीकडून आवाज कसा आला, "माका सांग, ह्याचे पण पैशे? तुका येताजाताच बघूचा होता ना?"

येताजाता! माझं दुकान जामसंड्यात, त्यांचं घर उलट्या दिशेला डोंगरावर, पण मुंबईतून बघितलं की अख्खा तालुका येताजाताच असतो.

दुसरं म्हणजे कुठलंच काम परत तसंच येत नाही. माझ्या दुकानात सातबाराचा उतारा काढायचा तर डिजिटल सहीचा 15 रुपयांत निघतो, गट नंबर टाकला, पैसे भरले, झालं, शंभरावा उतारा पहिल्यापेक्षा लवकर निघतो कारण हात बसलेला असतो. मेसेजवरच्या कामात हात बसतच नाही. आज फणस, उद्या पंपाची मोटर जळली, परवा आईला दवाखान्यात ने, तेरवा देवळात नारळ ठेव आणि गाऱ्हाणं घाल, म्हणजे देवाला आमच्या वतीने मागणं सांग. गाऱ्हाणं घालायला मी गावकराला सांगितलं आणि व्हिडिओ कॉल लावून दिला, ते काम मात्र झकास झालं, काकांना रडू आलं.

आणि काही कामं घ्यायचीच नसतात हे मला ठेच लागून कळलं. ठाण्याच्या एका दादांचा मेसेज आला, "शेजाऱ्याने गडगा सरकवलाय असं कळलं, जरा मापून फोटो पाठव." आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गडगा म्हणजे हद्दीवरची चिऱ्यांची नाहीतर दगडांची बुटकी भिंत, आणि कोकणात गडग्यावरून तीन तीन पिढ्या कोर्टात गेल्यात. मी टेप घेऊन त्या गडग्याजवळ उभा राहिलो असतो तर संध्याकाळपर्यंत वाडीत झालं असतं की हा अमक्याच्या बाजूने आहे, आणि तो शेजारी माझ्याच दुकानात पोराचे फॉर्म भरायला येतो, होळीला आम्ही एकत्र पालखी नाचवतो. मी दादांना स्पष्ट लिहिलं की हे मी करणार नाही, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, तो भरून देतो. दोन महिने बोलले नाहीत. बंगळुरातून बसून चालवणाऱ्या कंपनीने तो फोटो दहा मिनिटांत पाठवला असता आणि कंपनीच्या दृष्टीने ते उत्तम काम झालं असतं.

तसंच गणपतीच्या रेल्वे तिकिटांचं. 60 दिवस आधी बुकिंग उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंग लागतं, म्हणून दरवर्षी मेसेज, तू काढ ना आमची, वर पैसे घे. स्वतःच्या आयडीवरून दुसऱ्यांची तिकिटं काढून धंदा करणं रेल्वे कायद्यात गुन्हा आहे बाबांनो, हे सांगून सांगून आता मी ते स्टेटसलाच टाकलंय.

आंब्याचं तर वेगळंच. भाचा म्हणतो सीझनला आंबा पाठवायचं काम धर, त्यात पैसा आहे. आहे, खरंय. पण एकदा एका वहिनींना पाच डझनाची पेटी पाठवली, बागायतदार ओळखीचा, अढीतून (गवतात आंबे पिकत घालतात त्यातून) मी स्वतः बघून उचललेली, आणि त्यातल्या दोन फळांत साका निघाला, म्हणजे आतला गर खराब. आता साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावर कळतं, हे देवगडातलं शेंबडं पोरही सांगेल. वहिनींनी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. बागायतदाराला सांगितलं तर तो म्हणाला निसर्ग आहे. मधे मी. मी दुसऱ्या दिवशी सहा फळं माझ्या खर्चाने मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातून पाठवली, कारण त्या वहिनी मला लहानपणापासून ओळखतात. हा हिशोब कुठल्या कंपनीच्या एक्सेलमध्ये बसतो सांगा.

खरं तर आमच्याकडे ही सर्व्हिस फोन यायच्या आधीपासून आहे. माझे वडील मुंबईच्या रातराणीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायचे, कुळथाचं पीठ, सोलं, कधी सुके बांगडे, आणि पहाटे परळला काका उभे असायचे. ड्रायव्हरला त्याचं काय मिळायचं? चहा, कधी नारळ, आणि त्याच्या पोरीच्या लग्नात आमच्या घरून दोन माणसं राबायला. पैशात धरलं तर तो ड्रायव्हर केव्हाच बुडाला असता, पण तो पैशात धरतच नव्हता.

भाचा आता नवीन टूम घेऊन आलाय, एआय. मेसेज मशीन वाचेल, उत्तर मशीन देईल, माणूस फक्त जाऊन काम करेल. ह्यात थोडं तथ्य आहे, मी नाकारत नाही, ते चौदा मेसेज कमी होतील कदाचित. काकीचा चार मिनिटांचा मालवणी व्हॉइस मेसेज, ज्यात पहिली तीन मिनिटं गुडघेदुखी आणि शेवटच्या मिनिटात काम, तो ऐकून मशीनने मला एक ओळ काढून दिली तर मी मशीनच्या पाया पडेन. पण महाग पडतं ते चावी आणायला कणकवलीला जाणं, आणि पावसाआधी कौलं शाकारायला माणूस मिळवणं, जो मे महिन्यात सगळ्यांनाच हवा असतो आणि हो म्हणून येत नाही. त्याला आणायचा तर आदल्या रात्री त्याच्या घरी जाऊन बसावं लागतं.

मग चालेल की नाही? माझं मत विचाराल तर चालतं, पण एका माणसाने, थोड्या घरांसाठी, महिन्याच्या ठरलेल्या पैशात, आणि नाही म्हणायची मुभा ठेवून. 'कुठलंही' शब्द मी स्टेटसवरून काढला. आधी घरटी महिना 600 घेत होतो, महिन्यात दोन चकरा, घर उघडून वारा देणं, वीजबिल भरणं, फोटो पाठवणं, आणि वरचं काम आलं तर आधी रक्कम सांगणार मग करणार. ह्या एप्रिलपासून 900 केले. 11 घरं धरली तर होतात 9900, ह्यात कोणी गुंतवणूकदार येणार नाही आणि मला नकोही आहे, दुकानाचं भाडं आणि पेट्रोल निघून वर चार पैसे राहतात. पंधरा घरांच्या वर मी घेणार नाही, कारण पंधराव्या घराची चावी कुठली हे मला अंधारातही कळायला हवं.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला मामा, ह्याला बिझनेस म्हणत नाहीत. बरं, नको म्हणू.

900 केल्यावर त्या 11 मधली दोन घरं सोडून गेली. त्यातल्या एकांचा परवा मेसेज आला, पहिल्या पावसात माजघरात गळतंय असं शेजारणीने कळवलंय, जरा बघशील का. मी लिहिलं, जून महिना धरून 900, आणि शाकारणाऱ्याचे वेगळे. निळ्या टिका आल्या. अर्ध्या तासाने पैसे आले आणि खाली, "आता जातच आहेस तर फणस पण बघ."