भिंतीतच सोलर: काच, पत्रा आणि कस्टमाइझचा मोह

छतावर स्टँड उभे करून त्यावर पॅनल ठोकायचे हा प्रकार मला कधी फारसा पटला नाही, आधी छप्पर घाला मग त्यावर अजून एक छप्पर घाला. त्यापेक्षा दर्शनी काच किंवा छपराचा पत्रा यांनीच वीज बनवली तर किती बरं, आणि या कामाला थिन-फिल्म (काचेवर किंवा पत्र्यावर चढवलेला वीज बनवणारा पातळ थर) मला नेहमीच्या सिलिकॉनपेक्षा जास्त सोयीचं वाटतं. फक्त "तुम्हाला हवं तसं बनवून देतो" हे वाक्य ऐकलं की जरा सावध व्हायचं.

सिलिकॉन सेल म्हणजे साधारण १५० ते १८० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, ठरलेल्या साइजचा तुकडा, त्यामुळे पॅनलची लांबी-रुंदी त्या तुकड्यांच्या हिशोबानेच ठेवावी लागते. थिन-फिल्ममध्ये (कॅडमियम टेल्युराइड, सीआयजीएस म्हणजे तांबं-इंडियम-गॅलियम-सेलेनियमचं मिश्रण, वगैरे) वीज बनवणारा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो, तो सरळ काचेवर किंवा पातळ धातूवर चढवतात आणि लेझरने त्याच्या बारीक लांब पट्ट्या पाडतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एक सेल, शेजारच्या पट्टीला सिरीजमध्ये, म्हणजे साखळीसारखा एकामागे एक जोडलेला. म्हणजे पट्ट्या किती यावर व्होल्टेज आणि एकेका पट्टीचा एरिया किती यावर करंट.

आता यातली एक गोष्ट ड्रॉइंग करताना हमखास सुटते. समजा काचेच्या वर छज्जा आहे आणि त्याची आडवी सावली काचेच्या वरच्या भागावर पडते. पट्ट्या आडव्या बसवल्या असतील तर वरच्या काही पट्ट्या पूर्ण अंधारात जाणार आणि सिरीज असल्यामुळे सगळ्या काचेचा करंट अडवून धरणार. तीच काच फिरवून पट्ट्या उभ्या केल्या की प्रत्येक पट्टीवर थोडी थोडी सावली येते, मग जेवढी सावली साधारण तेवढंच नुकसान. नुसतं काच कुठल्या दिशेने बसवली याचा एवढा फरक! म्हणून मी म्हणतो कस्टमाइझ करायचंच तर आधी सावली बघा, रंग नंतर.

रंगाचं तर काय, रंग दिसतो म्हणजे तेवढा प्रकाश परत बाहेर गेला, त्याची वीज होणार नाही. आरपार दिसणाऱ्या काचेचंही तेच. पूर्ण झाकलेली १ चौरस मीटर काच कडक उन्हात १२० वॅट देत असेल आणि लेझरने ४० टक्के थर खरवडून काढला तर राहिले ७२ वॅट. उभ्या भिंतीवर ऊनही तिरकं पडतं, ते वेगळंच. अर्थात भिंतीला काच किंवा क्लॅडिंग (बाहेरचं आवरण) लावणारच होतो, तो खर्च यातून वजा करायचा, नाहीतर तुलना चुकीची होते.

उष्णतेत मात्र कॅडमियम टेल्युराइड थोडं सरस. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची पॉवर साधारण ०.३ टक्के घटते, जुन्या प्रकारच्या सिलिकॉनची बऱ्याचदा ०.३५ ते ०.४. भिंतीला चिकटलेलं पॅनल ७० अंशांपर्यंत गेलं तर हा फरक जाणवतो, तरी मागे हवा खेळायला फट ठेवाच. सीआयजीएसला पाण्याच्या वाफेचं वावडं आहे, त्यामुळे कडा नीट सील नसतील तर सगळं मुसळ केरात.

छोट्या सोलर कौलांच्या मी बाजूने नाही. दर कौलामागे एक इलेक्ट्रिकल जोड, म्हणजे एका छपरात शेकडो, आणि पाऊस झेलायचं कामही त्यांचंच! डाऊ कंपनीने सीआयजीएसची अशी कौलं काढली होती, २०१६ मध्ये बंद केली. छपराच्या पत्र्यावर चिकटवायचे अमॉर्फस सिलिकॉनचे (पातळ थरात चढवता येणाऱ्या, स्फटिक नसलेल्या सिलिकॉनचे) पट्टे युनि-सोलर विकायची, तिची मूळ कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी मोठे तुकडे आणि कमी जोड ही त्या पट्ट्यांमागची दिशा मला अजूनही बरोबर वाटते.

म्हणून माझा साधा सल्ला, आख्ख्या इमारतीत काचेचे दोन-तीनच साइज ठेवा, कोपऱ्यातल्या वेड्यावाकड्या जागी त्याच रंगाची साधी काच लावा, तिथे वीज नाही आली तरी चालेल. जंक्शन बॉक्स (वायरी जोडायची डबी) कडेला घ्या आणि उघडता येईल अशा फ्रेममध्ये. आणि पहिल्या लॉटबरोबरच थोड्या जादा काचा मागवून ठेवा, कारण दहा वर्षांनी एखादी फुटली तर त्याच रंगाची, त्याच व्होल्टेजची काच कोण बनवून देणार?