गोळी डॉक्टरांनी लिहून दिली, मग जबाबदार कोण?

सांगलीत वकिली करते आणि ग्राहक आयोगातली कामं जास्त असतात, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो: "ताई, गरोदरपणात डॉक्टरांनीच लिहिलेली गोळी घेतली आणि बाळात दोष निघाला. केस होते का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होते. पण औषध धोक्याचं होतं एवढ्यावरच ती उभी राहत नाही. फिटच्या गोळ्यांचंच घ्या. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात चालू राहिलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात दोष आढळतो आणि 30 ते 40 टक्के मुलांना पुढे बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. मग ते बंदच करायचं का? अचानक बंद केलं आणि मोठी फिट आली, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. काही जणींना दुसरं औषध लागूच पडत नाही. म्हणून तपासलं जातं ते वेगळंच. बाई मूल होण्याच्या वयाची आहे हे डॉक्टरांनी ध्यानात घेतलं का? धोका सांगितला का? दुसरा पर्याय पाहिला का?

आणि हे सगळं दिवस राहण्याआधीच व्हायला हवं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांत मिटते. पाळी चुकून, किट आणून खात्री होईपर्यंत तो काळ बहुतेक सरलेला असतो. माझ्याकडच्या एका फाईलमध्ये लग्नाआधीपासूनच्या चिठ्ठ्या होत्या. मुलीचं लग्न झालं, चिठ्ठीवरचं आडनाव बदललं. औषधाची ओळ तीच, खाली "कंटिन्यू". मूल होऊ देण्याचा विचार आहे का, हा प्रश्न एकाही कागदावर नव्हता. घरात मात्र बोल तिलाच: ग्रहणात विळीवर बसली म्हणून बाळाचा ओठ फाटला! मला याचा संताप येतो. ओठ-टाळूचा दोष व्हॅल्प्रोएटनेही होऊ शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

लोक पहिल्यांदा पोलीस ठाण्याकडे धावतात. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, आणि आधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. भरपाईचा रस्ता वेगळा आहे. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी दवाखाने त्यात येत नाहीत. त्यासाठी दिवाणी न्यायालय. 2008 च्या समीरा कोहली निकालात संमतीआधी रुग्णाला पुरेशी माहिती मिळालीच पाहिजे असं म्हटलंय. ती केस शस्त्रक्रियेची होती, पण औषधाच्या प्रकरणातही मी तोच मुद्दा धरून बोलते.

खरी कसोटी लागते ती कारण सिद्ध करताना. कोणतंही औषध न घेता जन्मलेल्या शंभर बाळांतही दोन-तीन बाळांत दोष असतो. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख, चिठ्ठीची तारीख, मेडिकलचं बिल आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट एका रांगेत लावून बघावं लागतं. नाजूक आठवड्यांत ती गोळी पोटात होती का, आणि त्या गोळीने होणारा दोषच बाळात आहे का, हे तज्ज्ञ डॉक्टरांकडून लेखी यावं लागतं. मिरजेत एवढे दवाखाने, पण दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लेखी मत द्यायला फार थोडे तयार होतात. याच टप्प्यावर कितीतरी आईबाप थकून मागे फिरतात.

ज्या डॉक्टरने "धोका समजावला, पर्याय सांगितला" एवढी ओळ लिहून खाली सही घेतलेली असते, त्याच्यावर केस घ्यायला मी सहसा नकार देते. पालकांना ते आवडत नाही. पण सगळं समजून तिने तेच औषध निवडलं असेल, तर तो निष्काळजीपणा नव्हे.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत असते तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, म्हणजे उपचार पुण्यात झाले तरी सांगली जिल्ह्यातल्या जतच्या माणसाला सांगलीचा आयोग चालतो. दवाखान्यातली कागदपत्रं आधी मागा. डॉक्टरांच्या व्यावसायिक वागणुकीच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागतात. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.