सर्व्हरनं रविवारची झोप खाल्ली

शनिवारी रात्री नागपुरात धरमपेठच्या ऑफिसातल्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, अपडेट मारला, रीबूट केला अन् मशीन परत आलंच नाही. मग काय, सकाळी तर्री पोहे सोडून मे महिन्याच्या उन्हात गाडी काढली. स्क्रीनवर कर्नल पॅनिक (कर्नलच अडकून थांबलेला), रूट फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या मुख्य फाइली, माउंट होत नाही म्हणे, अननोन ब्लॉक ०,०.

हे दिसलं की डिस्क गेली म्हणून घाबरायचं नाही बावा, बहुतेक वेळा इनिटरॅमएफएसच (सुरू होताना कर्नलला डिस्कपर्यंत पोचवणारी छोटी फाइल) गायब असतो. शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू काढला (मशीनमध्ये जुन्या बायोसऐवजी यूईएफआय असेल तर एस्केप), ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडला, झटक्यात चालू! बघतो तर बूट पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा कप्पा) १०० टक्के भरलेलं, कोण्या शहाण्यानं ५१२ एमबीचंच ठेवलं होतं, म्हणजे मीच, अन् जुने कर्नल साचत गेले म्हणून नवीन इनिटरॅमएफएस लिहायला जागाच नव्हती, एरर आला होता पण मी वाचतो काहून?

ऑटोरिमूव्ह पर्ज कमांडनं जुने कर्नल काढले, फक्त चालू असलेल्याला हात लावू नका, यूनेम मायनस आर करून चालू कर्नलचं व्हर्जन बघा आधी. मग अपडेट-इनिटरॅमएफएस कमांड नवीन व्हर्जनसाठी, अपडेट-ग्रब, रीबूट. पोहेवाला तोवर बंद करून गेला होता.